लाल ठिपक्याचा नग

"दुरुस्त झाला ना? मग आता परत बिघडव," चतुराबाई म्हणाल्या.

दीक्षा बघतच राहिली. "आई, तीन दिवस माझं डोकं खाल्लंस. अपडेट झाल्यापासून कॉम्प्युटर बंदच होत नाही, बंद केला की आपोआप सुरू होतो, बघ म्हणून. दोन मिनिटांत केला, तर म्हणे बिघडव!"

"होता तसा कर. पोरं यायचीत."

चतुराबाई सव्वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत आलेला माल तपासत होत्या. नवा तपासनीस आला की त्या चांगल्या मालात एक खराब नग मिसळत. आतून लाल ठिपका लावलेला. तो शोधला तर माणूस कामाचा. याच नजरेनं त्यांनी दीक्षाची अकरा स्थळं परत पाठवली होती. उरली तीन, तिन्ही कॉम्प्युटरवाली.

"यातलं जमलं नाही, तर लग्नाचं नाव काढायचं नाही," असं दीक्षानं बजावलं होतं. पोरगी बोलेल ते करते, ही चतुराबाईंची खरी धास्ती.

"हे काही बरं नाही हं," असं म्हणत दीक्षानं सेटिंगमधली एक खूण होती तशी केली. लाल ठिपका बसला.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. पहिल्या गुरुवारी प्रज्वल आला. चहा झाल्यावर चतुराबाईंनी सहज विषय काढला. त्यानं वाय-फायचा पासवर्ड मागितला, फोनमध्ये काहीतरी वाचलं आणि कॉम्प्युटरला हात न लावता म्हणाला, "मदरबोर्ड गेलाय, काकू. नवाच घ्या. माझ्या ओळखीत आहे एक."

तो गेल्यावर चतुराबाईंच्या वहीत नोंद झाली : न बघता निदान. दहापैकी दोन.

पुढच्या गुरुवारी समर्थ. त्यानंही आधी पासवर्डच मागितला. "फॉरमॅट मारून टाकू."

"आणि माझे फोटो?"

"जुनेच असतील ना, काकू?"

शून्य.

तिसरा बायोडेटा कुणी दिला ते चतुराबाईंना नीट आठवेना. विहारातल्या शालनबाईंनी दिला असावा. मुलाचं नाव संघर्ष. "जयभीम काकू" म्हणत आला, बूट सरळ लावले, आणि विषय निघाल्यावर म्हणाला, "बघितल्याशिवाय कसं सांगू?"

चतुराबाई खुर्ची सरकवून शेजारीच बसल्या.

त्यानं काहीतरी बदललं आणि कॉम्प्युटर बंद केला. तो पुन्हा सुरू झाला.

"चुकलो, काकू. हे कारण नव्हतं."

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी एकाही तपासनीसाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यानं दोनदा स्वतःच्या फोनमध्ये पाहिलं, मान हलवली, पुन्हा सेटिंग उघडलं आणि एक खूण काढली. पडदा काळा झाला. पंखा थांबला. चतुराबाईंनी मनात साठ आकडे मोजले. कॉम्प्युटर गप्प तो गप्पच.

"काय द्यायचं तुम्हाला?"

"चहा दिलात की. अपडेटनं ही खूण परत आली तर फोन करा, नवीन काही घेऊ नका."

तो दाराबाहेर पडला तशी वही उघडली. चूक कबूल केली : दहा. वाय-फाय मागितलं नाही, स्वतःचं नेट वापरलं : दहा. खर्चात पाडलं नाही : दहा.

"दीक्षे, सापडला गं ठिपका! बोल, पसंत आहे का?"

दीक्षा स्वयंपाकघरातून कपबशी पुसत डोकावली. "एकदा बघून काय सांगणार? पण तू म्हणतेस तर..."

"मी म्हणतेच आहे! माणूस ओळखायला मला कुणी शिकवू नये."

"तेही खरं," म्हणत दीक्षा आत वळली.

जिन्याच्या पहिल्या वळणावर संघर्षचा फोन वाजला. त्या कोपऱ्यात कुणाच्याच फोनला रेंज मिळत नसे. पण चतुराबाईंचं वाय-फाय तिथवर पोचत होतं, आणि त्याचा फोन त्याला कधीपासूनच जोडलेला होता. दीक्षाचा मेसेज होता :

"आधी एकदा चुकायचं विसरला नाहीस ना?"