भाजलेल्या बियांची डबी

"ह्याला कॉफीचा वासच नाही," खरेदीवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी मलमाची डबी नाकापासून लांब धरली.

"नाहीच येणार, मॅडम," सून म्हणाली. "कच्च्या बियांचं तेल आहे. आपल्याला माहीत असलेला वास बी भाजल्यावर येतो. कच्ची बी वाळलेल्या गवतासारखी."

"हे तुम्हाला ठाऊक. दुकानात आलेल्या बाईला कोण समजावत बसणार? डबीवर कॉफी लिहिलंय, ती आधी नाकच लावणार."

ह्या बाई एका मोठ्या दुकानाच्या. तिथलं क्रीम-मलमांचं आख्खं कपाट त्यांच्या शब्दावर भरतं. महिन्याला दोनशे डब्या, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. इथे स्वयंपाकघरालगतच्या खोलीत सासू-सुनेने दिवसभर छोटा घाणा फिरवला की वाटीभर तेल निघतं. सून दवाखान्यात नर्स. सारखे हात धुऊन बोटं चिरली, म्हणून हे मलम तिने आधी स्वतःपुरतं केलं. मग वॉर्डातल्या अकरा जणींना चार महिने लावायला दिलं आणि रोज प्रत्येकीचे हात उलटेपालटे करून पाहिले. तिची रजा रविवारी संपत होती. ऑर्डर मिळाली तर राजीनामा, नाहीतर पुन्हा सकाळी सातची पाळी. तिला ही ऑर्डर अगदी मनापासून हवी होती.

बाईंनी उगाच बघायचं म्हणून दुसरी डबी उघडली आणि त्यांचा चेहराच पालटला. "हं! ही बघा! अशा दोनशे द्या मला."

सुनेने डबी हातात घेतली. खमंग वास नाकात शिरला. तिने सासूकडे पाहिलं, कारण डब्या भरायचं काम सासूबाईंचं. सासूबाई फरशीवरचा कुणालाच न दिसणारा डाग पायाच्या अंगठ्याने पुसत होत्या.

"आई?"

"अगं, परवा तू बाहेर गेली होतीस ना, तेव्हा घाण्यात घालायच्या आधी बिया जराशा तव्यावर परतल्या. जराशाच हं. म्हटलं, वास तरी येईल. आला की नाही?"

चांगल्या मनाने केलेल्या उद्योगावर धड रागावताही येत नाही, हा मोठाच जाच आहे.

"मग झालं तर!" बाईंनी पेन काढलं. "हीच पक्की करू."

"ही नाही देता येणार," सून म्हणाली.

टेबलाखालून सासूबाईंनी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"का? तेल कॉफीचंच आहे ना?"

"कॉफीचंच आहे. पण भाजलेल्या बियांचं मी अजून कुणाला लावून पाहिलेलं नाही. चिरलेल्या कातडीला चालेल की झोंबेल, मलाच माहीत नाही. पाहायला चार महिने लागतील."

"चार महिने? अहो, नुसत्या वासाची तर गोष्ट आहे!"

"वास दुकानात दोन मिनिटं घेतात, मॅडम. मलम हातावर राहतं."

बाई रागावल्या नाहीत. त्यांना रागवायलाही वेळ नव्हता. पेनाला टोपण लावत त्या उठल्या. "चार महिन्यांनी कपाटात जागा असेलच असं नाही, बरं का."

"कळतंय मला." सुनेने शब्द मागे घेतला नाही.

दार लागलं तशी ती खुर्चीत बसली आणि तिला रडू कोसळलं. तोंडाशी आलेला घास तिने स्वतःच्या हाताने दूर सारला होता. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, एक कोरा कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली. सोमवारी वॉर्डात हे नवं मलम लावून पाहायला कुणाकुणाला विचारायचं, ते आठवत ती पेन धरून बसली.

सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बाही कोपराच्या वर सारली आणि उघडा हात टेबलावर ठेवला.

"पहिलं नाव माझं घाल," त्या म्हणाल्या. "बिया मी भाजल्यात. फोड यायचाच असेल, तर आधी मला येऊ दे."