फक्कीचं घर

घराला भिंती नव्हत्या, तरी गेणभाऊ दारातूनच आत आले. आणि दारात वाकले.

मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "जित्याची खोड, मेल्याबिगर जायची न्हाई," ते कपाळ चोळत म्हणाले. जानकाबाईंच्या घराची चौकट एवढी बुटकी होती, की अख्ख्या गावानं तिथं एकदा तरी टेंगूळ करून घेतलं होतं. आता ती चौकट नव्हती, घर नव्हतं, गावच नव्हतं. सात वर्षांपूर्वी डिंभ्याच्या धरणाचं पाणी गावावर चढलं होतं. दोन हजार पाचच्या मे महिन्यात ते पहिल्यांदाच इतकं उतरलं, की भेगाळलेल्या गाळातून घरांच्या पायाचे दगड वर आले. त्या दगडांवरून चुन्याची पांढरी फक्की ओढून लोकांनी आपापली घरं आखली होती.

ही टूम अवसरीच्या कलामंडळाची. ह्याच मंडळानं मागच्या वर्षी बोरीतल्या म्हाताऱ्यांना त्यांची स्वप्नं भिंतींवर रंगवायला लावली होती. तेव्हापासून ही पोरं डोक्यानं जरा सैल आहेत, याबद्दल पंचक्रोशीत दुमत नव्हतं. मंडळाची यशोधरा लग्नाच्या शूटिंगचा जुना कॅमेरा खांद्यावर घेऊन उभी होती. नियम तिनंच घातला होता. दारातून यायचं, दारातून जायचं. शेजारच्या घरात बघायचं नाही, कारण मधे भिंत आहे. काढलेलं सगळं संध्याकाळी धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीत टीव्ही लावून दाखवायचं ठरलं होतं.

यशोधराला वाटलं होतं, लोक खिदळतील, नियम मोडतील. कुणी मोडला नाही. भर दुपारी, सावलीचा ठिपका नसलेल्या त्या तळात, माणसं गुमान काटकोनात वळत होती. अंबाबाईनं एका दारापुढं थांबून हवेतच कडी वाजवली. आवाज कुठला यायला? तरी आतली बाई "आले, आले" म्हणत उठली. 

गेणभाऊ मात्र वेगळ्याच कामानं आले होते. जानकाबाईंचा चांगदेव एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून घर सोडून गेला होता. पुढं बाप वारला. गाव बुडालं. आणि सहा वर्षांपूर्वी एक दाढीवाला माणूस वसाहतीत येऊन जानकाबाईंना "आये" म्हणाला. त्यांनी त्याला पोटाशी धरलं. गेणभाऊंना काही तो पटला नाही. चांगदेव त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला होता.

"डोळं त्याचं न्हाईत," ते म्हणायचे.

"आई मी हाय का तुमी, भाऊजी?" असं म्हणून जानकाबाई त्यांचं तोंड बंद करायच्या.

पण आता त्या थकल्या होत्या. गुडघे गेले होते. आजही त्यानंच त्यांना पाठीवर घेऊन आणलं, उंबऱ्याशी उतरवलं, आणि तो पाणी आणायला गेला. हा माणूस खोटा ठरला असता, तर वसाहतीनं त्याला एक दिवस टिकू दिलं नसतं. मग जानकाबाईंच्या तोंडात पाणी घालायलाही कुणी उरलं नसतं.

कळशी घेऊन तो परतला, तेव्हा गेणभाऊंनी बाहेर येऊन त्याला अडवलं.

"चांगदेवा, सांग बरं, चूल कुठं व्हती?"

"उगवतीच्या कोपऱ्यात."

"अन् जातं?"

"दाराच्या डाव्या अंगाला. खुंटा मोडल्याला व्हता. आबानं बाभळीचा घातला."

 सगळं बरोबर होतं. "बरं, सांजच्याला टीव्हीवर बघू तुला नीट," एवढंच म्हणून गेणभाऊ शेजारच्या आपल्या घरात गेले आणि नियमाप्रमाणं पाठ करून बसले.

"शेतावरून घरी आलात, असं समजा," यशोधरा म्हणाली. "बाकी मनानं करा."

जानकाबाई चुलीच्या जागी जाऊन बसल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. चांगदेव उंचापुरा गडी. हातात कळशी घेऊन तो दाराशी आला. उंबऱ्याची फक्की पुसू नये म्हणून त्यानं जपून पाय पलीकडं टाकला. आणि ताठ मानेनं आत आला.

जानकाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. कुणाचं तरी डोकं लाकडावर आपटताना मिटावेत, तसे.

यशोधराचं बोट बटणावर थिजलं. सकाळपासून ह्या दारातून सात जण आले होते. सातही वाकले होते. बुटकी अंबाबाईसुद्धा.

त्याला काहीच कळलं नव्हतं. कळशी ठेवून तो मायेनं म्हणाला, "आये, पाणी घे."

त्या पाणी प्यायल्या. मग त्याला जवळ ओढून, कपाळावरून हात फिरवत त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठून बाहेर गेला. दारातूनच, आणि आता पार कमरेत वाकून.

जानकाबाईंनी यशोधराला खूण करून बोलावलं. गेणभाऊंच्या पाठीकडं बघत आवाज खाली आणला.

"पोरी, हे पुसतं का गं? ह्याच्यावरच दुसरं घे."

"मावशी, ते..." यशोधरानं दाराकडं बोट दाखवलं. "ते वाकले नाहीत."

"सा वर्सं रोज थोडंथोडं शिकवलं त्याला," जानकाबाई म्हणाल्या. "चूल सांगितली, जातं सांगितलं. येवढं दार सांगायचं ऱ्हायलं बघ."