इंजिनाचा कौल

चेनकप्पीची साखळी करकरली आणि जीपच्या पोटातून जुनं इंजिन हळूहळू वर आलं. अंगणातल्या लोखंडी तुळईखाली ते लोंबकळत राहिलं. खाली अंथरलेल्या पोत्यावर तेलाचे थेंब पडू लागले.

गोदा ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिकडे बघायचं नाही, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

खरं तर इंजिन बदलायचा हट्ट तिचाच. सुनेला दिवस गेलेत, डॉक्टरकडे न्यायला-आणायला गाडी घरची हवी, असं तिने मुलाला, दिपेशला सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. एवढंच सांगितलं नव्हतं, की तिचा नवरा रघु जाऊन वर्ष होत आलं, जीप तेव्हापासून बंद उभी आहे, आणि तरी कधीही हात लावावा तर इंजिन कोमट लागतं. अंग कोमट लागावं तसं. रघु होता तेव्हा कोलशेतच्या वळणावर जीपचा आवाज आला की घरातला रेडिओ बंद व्हायचा. बांगड्या वाजू नयेत म्हणून गोदा त्या कोपराकडे सरकवून ठेवायची, आणि त्याला दुसऱ्यांदा हाक मारावी लागू नये म्हणून पहिल्याच हाकेला "आले हो" म्हणत धावायची. ऋतिका नंतर घरात आली. तिने सासरा पाहिलेला नव्हता. ती भाकऱ्या थापताना मोठ्याने गायची, चुकीच्या सुरात, आणि स्वतःच हसायची. बाळ यायच्या आत हे घर मोकळं व्हावं, एवढंच गोदाचं देवाकडे मागणं होतं. त्यासाठी तिने सोमवार धरले होते.

साखळी धरून हर्षित उभा होता. हा कळव्याचा, दिपेशचा शाळेपासूनचा दोस्त, आता स्वतःचं गॅरेज होतं त्याचं. भंगारातून आणलेलं दुसरं इंजिन त्याने धुऊनपुसून बाजूच्या फळीवर ठेवलं होतं. दिपेशची सकाळपासून त्याच्यामागे भुणभुण चालू होती, की तुझ्या या स्पीडने आमचं पोरगं स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाईल. मग त्यालाच बोलव ना नट खोलायला, असं हर्षित म्हणाला होता.

एकाएकी इंजिन झुललं. वारा नव्हता, कोणी हातही लावला नव्हता. ते ओटीच्या दिशेने आलं आणि दिपेशने पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरलं.

"सोड रे, शर्ट गेला तुझा," हर्षित म्हणाला.

डोळे मिटून, गाल त्या लोखंडाला टेकवून दिपेश तसाच उभा राहिला. मग हात सोडले, आणि हर्षितला न विचारताच जेवायला आत निघून गेला. दमला असेल, असं गोदाला वाटलं.

हर्षितही आत गेला. ताटं वाढली गेल्याचा आवाज आल्यावर गोदा उठली. कुंपणाच्या जास्वंदीचं फूल तोडून तिने दोन पाकळ्या वेगळ्या केल्या. पदराने इंजिनाची एक बाजू पुसली, ओलं बोट फिरवलं आणि पाकळ्या चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. तिच्या माहेरी गावदेवीला असाच कौल लावायचे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवी सोडून आणखी कशाला कौल लावलेला तिने ऐकला नव्हता. मनात देवीची क्षमा मागून तिने हात जोडले.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "आहात का यात?"

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. आत कोणीतरी पाणी मागितलं. गोदाचे जोडलेले हात दुखायला लागले. तेवढ्यात डावी पाकळी सुटली आणि खालच्या तेलात पडली.

गोदाने इंजिनाला तळवा लावला. ते गार होतं. विहिरीतल्या दगडासारखं गार.

ती तिथेच खाली बसली. डोळे पुसले आणि मग देवघरात जाऊन साखर ठेवली. दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो जुनं इंजिन घेऊन गेला, तेव्हा ती दारात उभी राहून तो वळणाआड होईपर्यंत बघत होती. पोटभर बघितलं तिने. ऋतिकाला म्हणाली, गा काहीतरी. आज काय झालंय तुम्हाला आई, असं विचारत ऋतिका हसली आणि गायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना नवं इंजिन बसून झालं. पहिली चावी दिपेशने फिरवली. जीप लगेच सुरू झाली. आवाज परका होता, मऊ, एकसारखा. हर्षितने बॉनेटवर थाप मारली. पहिली फेरी गावदेवीला नारळ वाढवायला, असं ठरलं होतं. ऋतिका आत नारळ शोधत होती. आई, टोपलीत नाहीये, असं तिने आतून सांगितलंही. गोदा ओटीवर वाती वळत बसली होती, ती म्हणाली, फडताळात बघ.

दिपेश समोर बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याने आवाज चढवला नाही, मानही वळवली नाही.

"ऋतिका, मला दुसऱ्यांदा हाक मारायला लावू नकोस."

हर्षितला थट्टा वाटली. तो हसला, आणि मग त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. ऋतिका नारळ घेऊन दाराशी आली होती, ती तिथेच थबकली. नवऱ्याच्या तोंडून हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

गोदा ओटीवर उभी होती. ती कधी उठली, डोक्यावरून पदर कधी घेतला, तिचं तिलाही कळलं नाही.

"आले हो," ती म्हणाली.