कृष्णाबाईंची साक्ष

या, अशा जवळ सरकून बसा. आज पुराणातलं आख्यान नाही. आपल्याच बंगळूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यातलं आहे, पण देवाला साक्षी ठेवूनच सांगणार आहे. आरतीच्या आधी कुणी उठू नका.

कृष्णाबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रातून कापलेला श्वेताचा फोटो. चोवीस वर्षांची पोर, व्हाइटफील्डला नोकरी. इंदिरानगरच्या सिग्नलला स्कूटर थांबवून उभी होती. दिवा लाल होता म्हणून थांबली, एवढाच तिचा गुन्हा. मागून दारू प्यायलेल्या शंतनुची मोटार आली. ती थांबली नाही.

श्वेता गेली तेव्हापासून कृष्णाबाई चामराजपेटच्या देवळात कीर्तनाला येत, पण आत बसत नसत. पायरीवर, चपलांपाशी. बुवा बुक्का लावायला आले की कपाळ मागे घेत. बायका एकमेकींना म्हणायच्या, "राहू दे गं, जखम ओली आहे."

शंतनुचा वकील हयवदन शेजारी येऊन बसला. बसण्याआधी त्यानं वाकून नमस्कार केला.

"अक्का, गुडघा कसा आहे?"

"माझ्या गुडघ्याचं खटल्यात काही काम आहे का?"

तो हसला. "स्वल्प ऐका माझं. सरकारी वकील बाईंची सगळी भिस्त तुमच्यावर आहे. त्या संध्याकाळी फोनवर काय ऐकलंत, ते आठवत नाही म्हणा. वयाचं कारण आहेच. मग केस निष्काळजीपणाची राहते."

"म्हणजे किती वर्षं?"

"फार तर पाच. तेवढीही होणार नाहीत, ते माझ्यावर सोडा."

"आणि सांगितलं तर?"

"तर त्याला सगळं कळत होतं असं ठरतं. दहापर्यंत जाईल."

"निष्काळजीपणा," कृष्णाबाई म्हणाल्या. "गॅसवर दूध ठेवून मी विसरते, त्याला निष्काळजीपणा म्हणतात. बाटली आपोआप तोंडाला लागते का रे? किल्ली आपोआप फिरते? कुलूप फोडून दागिने नेले तर पाचाहून जास्त वर्षं देता म्हणे. आणि कुणाची पोर नेली तर फार तर पाच. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या घरातलं कुणी स्कूटरवर जात नसेल."

"कायदा मी नाही लिहिला, अक्का."

"पण पोट भरतोयस त्याच्यावर."

हयवदननं कोट नीट केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरगा रडतो हो. तुरुंगातलं अन्न जात नाही त्याला."

"श्वेताला जातं?"

हयवदन हातातले कागद चाळू लागला.

समोरच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. इस्त्रीची सुती साडी, हातात चुरगळलेला रुमाल. ती सारखी खोकत होती. कृष्णाबाई गुडघा धरत उठल्या आणि पाण्याची बाटली तिच्यापुढे केली. बाईनं तोंड फिरवलं.

"कशाला गेलात?" परत आल्यावर हयवदन पुटपुटला. "तिला तुमचं तोंड बघवत नाही."

"बरोबर आहे तिचं," कृष्णाबाई म्हणाल्या. बाटली मात्र त्या तिथेच, तिच्या पायाशी ठेवून आल्या होत्या.

तेवढ्यात पुकारा झाला. हयवदन घाईघाईनं म्हणाला, "आठवत नाही. दोन शब्द. सरी ना, अक्का?"

त्यांनी फोटो पिशवीतून काढून मुठीत धरला.

आत पंखे घरघरत होते. पिंजऱ्यात शंतनु उभा होता, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. कृष्णाबाईंनी देवाला स्मरून शपथ घेतली. सरकारी वकील बाई पुढे झाल्या. मघाची बाई मागच्या बाकावर येऊन बसली होती. बाटली तिच्या हातात होती, झाकण न उघडलेली.

"त्या संध्याकाळी फोनवर तुम्ही काय ऐकलंत?"

हयवदननं त्यांच्याकडे पाहून हळूच मान हलवली.

कृष्णाबाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि फोनवरचं बोलणं जसंच्या तसं आधी मराठीत, मग कन्नडमध्ये सांगितलं.

"तो म्हणाला, 'आई, ताट झाकून ठेव, मी निघालोय.' त्याची जीभ जड होती. मी म्हटलं, 'शंतनु, प्यायला आहेस तू. किल्ली कुणाला तरी दे, रिक्षानं ये.' तर म्हणाला, 'प्यायलोय ते कळतंय गं मला. मला काय होतंय?'"

आज घरी दिवा लावाल तेव्हा श्वेताचं नाव घ्या. मागच्या बाकावरच्या तिच्या आईचं घ्या. आणि मन झालंच, तर त्या पायरीवरच्या आईलाही आठवा.