साधा कागद

ऋजुलानं एक रेघ ओढली आणि हाताची घडी घालून वाट बघत बसली. घरी रेघ ओढली की पुढचं चित्र कागदच पूर्ण करायचा.

"ताई, हा बिघडलाय."

"हा साधा कागद आहे. पुढचं तूच काढायचं," बालवाडीच्या हेमांगीताई म्हणाल्या.

चार वर्षांच्या ऋजुलानं भोकाड पसरलं. मग रागारागानं काळा खडू इतका फिरवला, की कागद फाटला.

तिला न्यायला आलेल्या आईनं तो उचलला. "पोरीला रडवून हे शिकवता?"

"तिनं पहिल्यांदाच स्वतः चित्र काढलंय." हेमांगीताईंचाही आवाज चढला.

"याला चित्र म्हणतात? उद्यापासून ती येणार नाही." आईनं पर्समधला घरचा कागद लेकीपुढे ठेवला. "आता आई काढ."

ऋजुलानं रेघ ओढली. क्षणात गोड हसणारी बाई उमटली. ऋजुलानं ती निरखून पाहिली, बाजूला सारली आणि आईच्या हातातला फाटका कागद ओढू लागली.

"आई ही आहे."

आईनं तो चुरगळून फेकला. हेमांगीताईंनी दुसरा साधा कागद पुढे सरकवला. ऋजुलानं पुन्हा काळाच खडू उचलला.