खोकला ऐकणारं यंत्र

डुकरं पाळणाऱ्या नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि नवऱ्याने आपलं अंथरूण शेडमध्ये, खाद्याच्या पोत्यांमागे हलवलं. आधी बोलेल तो हरला, असा दोघांचाही हट्ट. आठवड्याभरात छताला टांगलेलं, डुकरांचा खोकला ऐकणारं यंत्र बायकोच्या फोनवर बोंब मारू लागलं: शेडमध्ये खोकला, वाढतोय.

तिने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, “वहिनी, एकच विषाणू असेल तर डुकरं सावरतात. पण दोन एकदम आले, तर पहिला फुप्फुसाचं दार उघडतो आणि दुसरा आत येऊन पथारी पसरतो. मग शेड रिकामी झालीच म्हणून समजा.”

खोटं वाटेल, पण डॉक्टरने झाडून सगळ्या डुकरांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. एकातही काही सापडेना. शेवटी तो पोत्यांमागे गेला आणि तिथल्या नाकातही त्याने काडी फिरवली.

“डुकरं ठणठणीत आहेत. फ्लू तुमच्या मालकांना झालाय. तो डुकरांना लागायच्या आत त्यांना घरी न्या.”

बायको शेडच्या दारात उभी राहिली आणि सगळ्यात लठ्ठ डुकरिणीला म्हणाली, “अगं ए जाडे, त्यांना म्हणावं, घरी चला. तुझ्या पिल्लांच्या काळजीने बोलतेय. माझं काही अडलेलं नाही.”

पोत्यांमागून उत्तर आलं, तेही डुकरिणीलाच. “तिला म्हणावं, पाणी तापव. माझ्या अंगाला तुझा वास येतोय.”