फुलाफुलांची चादर

“कोपरा लोंबतोय बघ. मागचं खोकं दिसतंय,” नेनिताताई म्हणाली. लुझनं दातांत धरलेला चिमटा काढला आणि फुलाफुलांची चादर पुठ्ठ्याच्या भिंतीवर पक्की केली.

हाँगकाँगचा रविवार. सेंट्रल भागातल्या पादचारी पुलावर दोन्ही कडेला पुठ्ठ्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या. कडेला चपला काढून, परदेशातून घरकामाला आलेल्या बायका आत ऐसपैस बसल्या होत्या. आठवडाभर दुसऱ्यांची घरं सांभाळायची, आणि हे आपलं एका दिवसाचं घर. कुणी नखं रंगवत होतं, कुणी मैत्रिणीचे केस कापत होतं, पलीकडच्या खोलीत नाचाच्या स्पर्धेची तालीम चालली होती. लुझनं पान्सितचा डबा उघडला मात्र, शेजारच्या दोघी वाट्या घेऊन हजर.

“वासावर येतात मेल्या,” असं म्हणत नेनिताताईनं शेवयांचा तो ढीग त्यांना भरभरून वाढला.

त्यांच्यासोबत बसलेल्या मारिविकच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता. आज तिला लेकीला सांगायचं होतं, की मी नव्या करारावर सही करत नाही, नाताळाला कायमची घरी येते. जिच्या घरी ती कामाला होती, त्या मॅडमला आज परत गेल्यावर उत्तर हवं होतं. जोनालिन शाळेत होती तेव्हा मारिविक इथे आली. आता पोरगी चोवीस वर्षांची, आणि नर्सिंग अजून अर्धंच. फी अडली की शिक्षण थांबायचं, फी गेली की पुन्हा सुरू. यापुढची फी तिथेच काहीतरी करून भरू, पण आता बास, असं मारिविकनं ठरवलं होतं.

“सांगून टाक ना,” लुझ म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“तोंड उघडलं की ‘मजेत आहे’च बाहेर पडतं गं.”

“मग खा आधी. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलता येत नाही,” नेनिताताई म्हणाली.

हे तिनं म्हणावं, हीच मोठी गंमत. पुलावर खोटं बोलायला शिकवलं कुणी? हिनंच. घरी व्हिडिओ फोन करायचा तो ठेवणीतला झगा घालून, चादरीसमोर बसून. मागे मैत्रिणींनी नाचायचं, खिदळायचं. डोळे भरून आलेच, तर मिरची घातलेल्या व्हिनेगरची बाटली वर करून ‘तिखट लागलं’ म्हणायचं. घरच्यांना रडकं तोंड दाखवायचं नाही, हा तिचा नियम. सगळ्यांनी तो मुकाट्यानं उचलला होता. त्यामुळे मायदेशी, इलोइलोत बसलेल्या जोनालिनला वाटे, आईला फुलाफुलांच्या भिंतीची छान खोली आहे. मारिविक झोपायची मॅडमच्या स्वयंपाकघरात, धुण्याच्या यंत्रावर टाकलेल्या फळीवर. कूस बदलली की गुडघा नळाला लागायचा.

फोन लागला. नेनिताताई आणि लुझ लगेच मागे नाचू लागल्या.

“कशी आहेस, आई?”

“मजेत गं,” मारिविक म्हणून गेली, आणि तिला स्वतःचा संताप आला. “ऐक, मला तुला काही सांगायचंय.”

“आधी माझं ऐक. मी कॉलेज सोडलं. एजन्सीत नाव घातलंय. तिथलंच काम मिळतंय, हाँगकाँगचं.”

मागचा नाच थांबला.

“वेडी आहेस का? इथे येऊन काय करणार तू?”

“तू करतेस तेच. तूच म्हणतेस ना, तिथे सगळं मजेत आहे? मग मी का नको?”

वर्षानुवर्षं दर रविवारी एकच गोष्ट घोळून घोळून सांगितली होती, ती आता पोरीच्या तोंडून परत आली होती. मारिविक उठली. नेनिताताईनं डोळ्यांनी नको नको म्हटलं, हातही धरला. मारिविकनं तो सोडवला आणि चादर खस्सकन ओढली. चिमटे उडाले. मागे संत्र्यांची जुनी खोकी उभी होती, एकाला एक चिकटवलेली.

“बघ. ही माझी खोली,” ती म्हणाली. फोन तिनं पुलावरून फिरवला, पुठ्ठे, चपला, आपापल्या फोनसमोर हसणाऱ्या बायका, मधून वाट काढत जाणारी माणसं. “संध्याकाळी ही मोडायची. बाकीचे दिवस मी यंत्रावर फळी टाकून झोपते. मजा कुठली आलीय? मला तुझ्याशी खोटं बोलायला नको होतं. उद्या जाऊन कॉलेजात परत नाव घाल. मी नाताळाला येतेय, कायमची.”

तिनं फोन पुन्हा स्वतःकडे वळवला. तिला वाटलं होतं, पोरगी हादरून गेली असेल, चिडली असेल. जोनालिन शांत बसली होती.

“मी शाळेत होते, तेव्हाच एकदा चादरीचा तो कोपरा सुटला होता, आई,” ती म्हणाली. “खोक्यावरचं संत्रं दिसलं मला. तू हसत होतीस, मग मीही हसले.”

“इतकी वर्षं?”

“मी शिकत राहिले तर तू तिथून सुटणार कधी? म्हणून एजन्सीच्या करारावर सही करून टाकली. आता मागे फिरता येत नाही.”

पडद्यावर जोनालिनचे डोळे भरून आले. तिच्यासमोर ताट नव्हतं, की वाटी नव्हती. खाली वाकून तिनं कुठूनशी एक बाटली उचलली आणि आईला दिसेल अशी वर धरली.

“काही नाही गं,” ती हसत म्हणाली. “तिखट लागलं.”